परक्याची वाट : हजरत बुरहानुद्दीन गरीब (रह.) आणि रूहची ओळख



घरातील एखादी वडीलधारी व्यक्ती डोळे मिटते. हात, चेहरा, कपाळावरील सुरकुत्या सर्व काही जागच्या जागी असते. तरीही कालपर्यंत आपल्याला हाक मारणारे, रागावणारे, दुआ देणारे जे कोणी होते, ते तेथे नसते. ते काय होते आणि कोठे गेले, हा प्रश्न अशा क्षणी प्रत्येकाच्या मनात उभा राहतो. आपण बोलतो त्या मराठीत यासाठी जीव, प्राण, आत्मा असे अनेक शब्द आहेत. पवित्र कुरआनने आपल्याला रूह, नफ्स आणि कल्ब हे शब्द दिले. आपण हे सर्व शब्द सरमिसळ करून वापरतो आणि त्यातूनच पुष्कळ गैरसमज जन्म घेतात.

रूहविषयीचा प्रश्न खुद्द प्रेषित मुहम्मद (स.) यांनाही विचारला गेला होता. सूरह बनी इस्राईलमध्ये त्याचे उत्तर आले. त्याचा आशय असा, की रूह ही पालनकर्त्याच्या आज्ञेपैकी आहे आणि मानवाला या विषयाचे ज्ञान अल्पच दिले गेले आहे. हे उत्तर आपल्या जिज्ञासेला एक मर्यादा घालून देते. रूह अल्लाहच्या आज्ञेने येते व त्याच्याच आज्ञेने जाते. आदम (अ.) यांच्यात अल्लाहने रूह फुंकल्याचा उल्लेख कुरआनात आहे, परंतु त्याचा अर्थ रूह हा अल्लाहचा अंश आहे, असा इस्लामच्या विद्वानांनी घेतलेला नाही. अल्लाह एकमेव आहे, त्याचे तुकडे होत नाहीत. काबागृहाला अल्लाहचे घर म्हटल्याने जसा त्या घराचा सन्मान होतो, तसाच रूहचा संबंध अल्लाहशी जोडल्याने तिचा सन्मान झाला आहे. रूह निर्मित आहे, आपल्याकडे सोपवलेली अमानत आहे.

रूह काय आहे याचे ज्ञान अल्प दिले गेले; मात्र तिला झाकोळणाऱ्या नफ्सचे ज्ञान भरपूर दिले गेले. कुरआनात नफ्सच्या तीन अवस्था आल्या आहेत. दुष्कर्माची आज्ञा देणारा तो नफ्स-ए-अम्मारा; चूक झाल्यावर स्वतःला दोष देणारा तो नफ्स-ए-लव्वामा; आणि पालनकर्त्यावर संतुष्ट होऊन शांत झालेला तो नफ्स-ए-मुत्मइन्ना. पहिल्या अवस्थेतून तिसरीकडे जाणे, यालाच तजकिया, म्हणजे आत्मशुद्धी म्हणतात. हा प्रवास पुस्तकातील व्याख्यांपेक्षा माणसाच्या जीवनात अधिक स्पष्ट दिसतो. म्हणूनच आपल्या महाराष्ट्राच्या मातीत विसावलेल्या एका थोर पुरुषाचे जीवन आज आपल्यापुढे मांडत आहोत.

त्यांचे नाव हजरत बुरहानुद्दीन गरीब (रह.). तेराव्या शतकाच्या मध्यास, आजच्या हरियाणातील हांसी या गावी त्यांचा जन्म झाला. ‘गरीब’ हा शब्द आपण निर्धन या अर्थाने वापरतो; अरबी भाषेत त्याचा मूळ अर्थ परका, आपल्या घरापासून दूर असलेला असा आहे. प्रेषितांनी (स.) अनुयायांना जगात परक्याप्रमाणे किंवा वाटसरूप्रमाणे राहण्याची शिकवण दिली. रूहची स्थितीही तशीच आहे. ती या देहात काही काळ मुक्कामाला असते. तिचे परतण्याचे ठिकाण पालनकर्त्याकडे आहे. ज्याच्या नावातच हे सत्य होते, त्या माणसाने ते आयुष्यभर कसे जपले, हे पाहण्यासारखे आहे.

बुरहानुद्दीन (रह.) यांनी धर्मशास्त्राचे शिक्षण घेतले आणि पुढे दिल्लीजवळ यमुनाकाठच्या गियासपूर येथे हजरत निजामुद्दीन औलिया (रह.) यांच्या हाती बैअत केली. बाबा फरीद (रह.) यांचे उत्तराधिकारी असलेल्या या महापुरुषाच्या खानकाहचे दार सर्वांसाठी उघडे असे. न मागता जे काही येई, ते साठवून न ठेवता गरजूंना वाटून टाकण्याची चिश्ती परंपरेची रीत तेथे पाळली जात असे. कवी अमीर खुसरो आणि ‘फवाइदुल फुआद’ या ग्रंथाचे संकलक अमीर हसन सिजझी हे बुरहानुद्दीन (रह.) यांचे स्नेही होते. आपल्या गुरूंविषयी त्यांचा आदर इतका होता, की त्यांनी हयातभर गियासपूरच्या दिशेला पाठ केली नाही, असे चरित्रकार सांगतात.

वाचकहो, अशा निष्ठावंत शिष्याचीही एक कठीण परीक्षा झाली. तिची हकीकत अमीर खुर्द यांच्या ‘सियरुल औलिया’ या ग्रंथात आली आहे. बुरहानुद्दीन (रह.) तेव्हा वृद्ध झाले होते. शरीर थकले होते, जमिनीवर बसणे सोसत नव्हते. म्हणून ते आपल्या घरी घोंगडीची दुहेरी घडी करून तिच्यावर बसू लागले. एवढीच ती गोष्ट. परंतु काही जणांनी ती हजरत निजामुद्दीन (रह.) यांच्या कानी निराळ्या रूपात घातली. बुरहानुद्दीन आता स्वतःच गादी मांडून पीर म्हणून बसू लागले आहेत, असे त्यांनी सांगितले. गुरू अप्रसन्न झाले. बुरहानुद्दीन (रह.) भेटीस आले, तेव्हा गुरू त्यांच्याशी बोलले नाहीत, नंतर सेवकामार्फत निघून जाण्याचा निरोप आला.

या ठिकाणी क्षणभर थांबून स्वतःला विचारा. आपल्यावर असा आळ आला असता, तर आपण काय केले असते? आपला नफ्स लगेच उठून उभा राहिला असता. माझी इतक्या वर्षांची सेवा, माझे वय, माझा सन्मान, आणि घोंगडीच्या एका घडीसाठी ही शिक्षा? आपण खुलासे दिले असते, चुगली करणाऱ्यांची नावे शोधली असती, आपल्या बाजूची माणसे गोळा केली असती. हे सर्व करण्यास बुरहानुद्दीन (रह.) यांनाही वाव होता, कारण त्यांचा खुलासा खरा होता. त्यांनी त्यातले काहीच केले नाही. ते घरी परतले आणि दुःखात बुडून गेले. घरात मृत्यू झाल्यावर जसे लोक सांत्वनाला येतात, तसे लोक त्यांच्याकडे येऊ लागले.

अखेर अमीर खुसरो पुढे आले. साध्या विनवणीने काम होत नाही असे पाहून त्यांनी अपराध्याप्रमाणे आपली पगडी गळ्यात घातली आणि ते गुरूंसमोर उभे राहिले. आपल्या मित्रासाठी त्यांनी क्षमा मागितली. पुढे बुरहानुद्दीन (रह.) यांनीही त्याच अवस्थेत गुरूंपुढे हजेरी दिली. गुरूंचे मन द्रवले, क्षमा मिळाली आणि बैअत नव्याने घेतली गेली.

घोंगडीचा हा संदर्भ यवतमाळ जिल्ह्यातील वाचकांना नवा वाटू नये. आर्णीची दर्गाह ज्यांच्या नावाने ओळखली जाते, ते बाबा कंबलपोष. आणि कंबलपोष म्हणजे घोंगडी पांघरणारा. सूफी परंपरेत जाडीभरडी घोंगडी ही फकिरीची, निरहंकाराची खूण मानली गेली. पण बुरहानुद्दीन (रह.) यांच्या जीवनातील प्रसंग आपल्याला त्याहून बारीक गोष्ट शिकवतो. फकिरीच्या घोंगडीचीदेखील घडी घालून माणूस तिची गादी करू शकतो. नफ्स केवळ रेशमात आणि सोन्यात वास करत नाही. तो साधेपणात, दानधर्मात, नमाजच्या पहिल्या ओळीतही आपली जागा शोधतो. बुरहानुद्दीन (रह.) यांच्या मनात गादीचा विचार नव्हता, तरीही ते तो आरोप स्वतःला तपासण्याची संधी म्हणून सोसू शकले. आपल्या अवगुणांच्या हिशेबाला जो घाबरत नाही, त्याचाच नफ्स शांतीकडे चालू लागतो.

आपला जिल्हा कापसाचा. बोंडातून वेचलेल्या कापसात सरकी घट्ट रुतलेली असते. ती वेगळी केल्यावरही रुई दाबलेली, गाठाळलेली राहते. पिंजारी धनुकलीची तात तिच्यावर पुन्हा पुन्हा आपटतो. धूळ झडते, गाठी सुटतात आणि तीच रुई हलकी होऊन वर उडू लागते. पिंजारी रुईला नवे काही देत नाही; तिच्यात अडकलेले तेवढे काढून टाकतो. रूह आणि नफ्स यांचा संबंध समजण्यास हे उदाहरण पुरेसे व्हावे. रूहला शुभ्रता आपण देत नाही, ती निर्मात्यानेच दिलेली आहे. आपले काम तिच्यावरील धूळ झाडण्याचे आहे. आणि त्या कामी बसणारे तातीचे आघात सुखाचे नसतात.

इ.स. 1325 मध्ये हजरत निजामुद्दीन (रह.) यांचे निधन झाले, अमीर खुसरोही त्याच वर्षी गेले. त्यानंतर लवकरच सुलतान मुहम्मद तुघलक याने दौलताबादला राजधानीचा दर्जा दिला आणि दिल्लीतील अनेक विद्वान, सूफी व प्रतिष्ठित कुटुंबांना दक्षिणेची वाट धरावी लागली. त्यांत वृद्ध बुरहानुद्दीन (रह.) होते. अमीर हसन सिजझीही दक्षिणेत आले. ज्या गियासपूरकडे पाठ करणे त्यांना जड वाटे, ते आता शेकडो मैल मागे राहिले. आधीच गरीब म्हणवणारा माणूस खऱ्या अर्थाने परमुलखातला झाला. परंतु ज्याने या जगालाच मुक्काम मानले होते, त्याला दिल्ली काय आणि दौलताबाद काय! सुलतानाची योजना काही वर्षांतच बारगळली, अनेक जण उत्तरेकडे परतले, बुरहानुद्दीन (रह.) मात्र येथेच राहिले आणि त्यांनी दख्खनमध्ये चिश्ती परंपरेचे केंद्र उभे केले.

त्यांच्या सहवासात काशानी घराण्यातील भाऊ आले. त्यांपैकी हम्माद काशानी यांनी ‘अहसनुल अकवाल’ आणि रुकनुद्दीन काशानी यांनी ‘नफाइसुल अनफास’ या ग्रंथांत त्यांची शिकवण नोंदवली. रुकनुद्दीन यांनी ‘शमाइलुल अतकिया’ हा आत्मशुद्धीवरील विस्तृत ग्रंथही रचला. सतराव्या शतकात मीराँ याकूब यांनी तो दक्खिनी भाषेत आणला, म्हणजे फारसी न जाणणाऱ्या सामान्य घरांपर्यंत तो पोहोचला. आज आपण मराठीतून हे विषय वाचतो, त्या प्रयत्नाची मुळे इतकी जुनी आहेत.

समाअ, म्हणजे भक्तिगीतांचे श्रवण, हजरत बुरहानुद्दीन (रह.) यांना प्रिय होते. या विषयावर विद्वानांत मतभेद होते आणि आजही आहेत. दौलताबादेतील एक अध्यापक, मूळचे शीराजचे जैनुद्दीन, हे त्यांच्यावर आक्षेप घेणाऱ्यांपैकीच होते. परंतु आपल्या शंका घेऊन ते त्यांच्या भेटीस आले, समाधान पावले आणि त्यांचे शिष्य झाले. पुढे हेच जैनुद्दीन शीराजी (रह.) त्यांचे उत्तराधिकारी बनले. आक्षेप घेणाऱ्याला शत्रू न मानता त्याचे ऐकून घेणे, ही नफ्स शांत झाल्याची खूणच नव्हे काय? घोंगडीच्या प्रसंगातील मौन आणि या प्रसंगातील मोकळेपणा, दोन्हींचे मूळ एकच आहे.

हिजरी 738, म्हणजे इ.स. 1337 मध्ये हजरत बुरहानुद्दीन (रह.) यांनी जगाचा निरोप घेतला. दौलताबादजवळच्या खुलदाबाद येथे त्यांची दर्गाह आहे. तापीकाठी फारुकी सुलतानांनी वसवलेल्या बुरहानपूरला त्यांचेच नाव दिले गेले. समोरच जैनुद्दीन (रह.) यांची दर्गाह असून, 1707 मध्ये निधन पावलेला बादशहा औरंगजेब तिच्या आवारात, उघड्या आकाशाखालच्या साध्या कबरीत पुरला गेला. राज्य करणाऱ्यालाही शेवटी परक्यांच्या मुक्कामातच जागा घ्यावी लागली.

वाचकहो, यवतमाळ, पुसद, उमरखेड, दिग्रस येथील कुटुंबे जियारतसाठी खुलदाबादला जातात. तेथे गेल्यावर मागणे केवळ अल्लाहकडेच मागावे. देणारा तोच आहे, आणि तेथे विसावलेले महापुरुषही आयुष्यभर त्याच्याच दारी हात पसरत राहिले. त्या कबरीजवळ स्वतःला मात्र एक प्रश्न अवश्य विचारावा. माझ्या घरात, मशिदीत, नातलगांत मी कोणत्या घोंगडीची घडी करून बसलो आहे? वयाची, ज्ञानाची, दानाची, की धर्मनिष्ठेच्या लौकिकाची? भावाशी वर्षानुवर्षे तुटलेला अबोला, सुनेने उलट उत्तर दिल्याचा सल, जमातीच्या बैठकीत मान न मिळाल्याचा राग, या प्रत्येकामागे ती घडी आढळते. ती उलगडून टाकणे कोणत्याही वयात शक्य आहे. ज्यांचे हे जीवन आपण पाहिले, त्यांनी ते वार्धक्यात करून दाखवले.

रूहचे स्वरूप आपल्याला पूर्णपणे सांगितले गेलेले नाही. पण ती कोणाकडे परतणार हे निश्चितपणे सांगितले गेले आहे. अमानत परत करताना ती स्वच्छ असावी, एवढीच चिंता श्रद्धावंताने करावी. अल्लाह तआला आपल्या सर्वांच्या नफ्सना शांती देवो, आपल्या दिवंगतांच्या रूहवर कृपा करो आणि आपल्याला या जगात परक्याप्रमाणे राहून खऱ्या घराची तयारी करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.