मेसिनाच्या पोरक्या मुलांची मॉन्टेसरी

बालवाड्यांच्या पाट्यांमुळे मारिया मॉन्टेसरी हे नाव शहरातल्या प्रत्येक गल्लीत पोहोचले आहे. भूकंपात सर्वस्व गमावलेल्या मुलांशी या नावाचे असलेले नाते मात्र फारसे कुणाच्या स्मरणात नाही.

२८ डिसेंबर १९०८ रोजी पहाटे दक्षिण इटली भूकंपाने हादरली. पाठोपाठ समुद्राच्या महाकाय लाटा किनाऱ्यावर आदळल्या. सिसिलीतील मेसिना आणि सामुद्रधुनीपलीकडील रेज्जो कालाब्रिया ही शहरे जमीनदोस्त झाली. सत्तर हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. ढिगाऱ्यांतून वाचलेली सुमारे ६० लहान मुले रोममध्ये व्हिया जुस्ती येथील फ्रान्सिस्कन जोगिणींच्या मठात आणली गेली. त्यांची नावेगावेही कुणाला ठाऊक नव्हती.

मॉन्टेसरी तेव्हा ३८ वर्षांच्या होत्या. १८९६ मध्ये वैद्यकीय पदवी मिळवून इटलीतील पहिल्या काही महिला डॉक्टरांत त्यांनी स्थान मिळविले होते. १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले होते. मठातील मुलांची अवस्था त्याहून निराळी होती. ती बोलत नसत, जेवत नसत, रात्री किंचाळून रडत. अन्न, वस्त्र, निवारा सारे मिळाले होते. तरीही मुले गोठलेलीच होती.

त्यांच्यासाठी मठाचे रूपच पालटण्यात आले. बुटकी मेजे, छोटी कपाटे, रंगीत पडदे, फुलदाण्या. मुलांच्या हाताला पेलतील अशी ताटे, टॉवेल, साबण. दयेवर वाढणाऱ्या अनाथांच्या हाती फुटणारी भांडी सोपविणे हे त्या काळी धाडसच म्हणावे लागेल. जोगिणी नेटकेपणाने जेवण वाढण्याची रीत शिकवू लागल्या. मुले मेज मांडू लागली, एकमेकांना वाढू लागली. हळूहळू भूक परतली, झोप परतली. पुढे तीच मुले घरातल्या वस्तू बागेत नेऊन झाडाखाली मांडत, आणि एकही फुटत नसे. याच मठात नंतर मॉन्टेसरी यांनी शिक्षकांचे प्रशिक्षणवर्गही घेतले.

या काळात त्यांचा स्वतःचा मुलगा मारिओ त्यांच्यापासून दूर वाढत होता. १८९८ मध्ये विवाहाविना जन्मलेल्या या मुलाला लोकापवादाच्या भीतीने दुसऱ्या कुटुंबात ठेवावे लागले होते. १९१२ मध्ये मॉन्टेसरी यांच्या आईचे निधन झाले. त्यानंतर तो त्यांच्याकडे आला. तरीही जगापुढे त्याची ओळख भाचा किंवा दत्तक पुत्र अशीच राहिली.

१९३९ मध्ये थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून दोघे मद्रासजवळील अड्यारला आले. १९४० मध्ये इटली युद्धात उतरताच मारिओला शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून तेव्हाच्या अहमदनगर येथे स्थानबद्ध करण्यात आले. आई अड्यारच्या आवारात अडकून पडली. ३१ ऑगस्ट रोजी, त्यांच्या सत्तराव्या वाढदिवसानिमित्त, त्याची सुटका झाली. व्हाइसरॉयकडून आलेल्या तारेत मारिओचा उल्लेख त्यांचा मुलगा असा होता.