सहकाऱ्यांच्या शोकातून उरलेले डॉ. कोटणीस

युद्धभूमीवर गोळी लागून येणारे मरण इतिहासाला चटकन दिसते. जखमींची सेवा करता करता देह झिजवून येणारे मरण मात्र प्रथम जाणवते ते बरोबरीने काम करणाऱ्यांना. डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचे मरण या दुसऱ्या प्रकारचे होते.

त्यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापूर येथे झाला. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी शिक्षण घेतले. १९३७ मध्ये जपानने चीनवर आक्रमण केले, तेव्हा चिनी सेनानी चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय मदतीची याचना केली. तत्कालीन काँग्रेस अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी १९३८ मध्ये देशाला आवाहन केले आणि पाच डॉक्टरांचे पथक तयार झाले. अलाहाबादचे डॉ. अटल पथकाचे प्रमुख होते. नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी आणि सोलापूरचे कोटणीस हे त्यांचे सहकारी. सप्टेंबर १९३८ मध्ये या पथकाने मुंबईचा किनारा सोडला आणि फेब्रुवारी १९३९ मध्ये ते येनानला पोहोचले. चीनमध्ये असतानाच कोटणिसांना पितृनिधनाची वार्ता समजली. पण हाती घेतलेले काम अर्धवट टाकून ते परतले नाहीत.

उत्तर चीनच्या डोंगराळ रणक्षेत्रात कॅनडाचे शल्यविशारद डॉ. नॉर्मन बेथ्यून जखमींवर उपचार करीत होते. शस्त्रक्रियेच्या वेळी बोटाला झालेल्या जखमेतून रक्तात विष भिनले आणि १२ नोव्हेंबर १९३९ रोजी ते निवर्तले. पुढच्याच वर्षी कोटणीस त्या प्रदेशात दाखल झाले. औषधांचा तुटवडा, शत्रूचे सततचे हल्ले आणि जखमींची रीघ अशा परिस्थितीत त्यांनी शेकडो शस्त्रक्रिया केल्या. जानेवारी १९४१ मध्ये बेथ्यून यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाची धुरा त्यांच्यावर सोपविण्यात आली. एका परदेशी डॉक्टरच्या मृत्यूने रिकामी झालेली जागा दुसऱ्या परदेशी डॉक्टरने भरून काढली. दिवंगत सहकाऱ्याला याहून सार्थ आदरांजली ती कोणती?

त्याच वर्षाच्या अखेरीस परिचारिका कुओ चिंगलान यांच्याशी ते विवाहबद्ध झाले. ऑगस्ट १९४२ मध्ये पुत्र झाला. भारत आणि चीन या दोन्ही देशांच्या चिनी नावांतील अक्षरे जोडून त्याचे नाव यिनहुआ ठेवण्यात आले. परंतु अविश्रांत श्रमांनी कोटणिसांची प्रकृती खालावली होती. अपस्माराचे झटके वारंवार येऊ लागले, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी अवघ्या बत्तिसाव्या वर्षी त्यांची प्राणज्योत मालवली. बाळ तेव्हा साडेतीन महिन्यांचे होते.

येनानमध्ये शोकसभा झाली; माओ त्से तुंग यांनीही शोकसंदेश लिहिला. शिच्याच्वांग येथील हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत आज बेथ्यून आणि कोटणीस दोघेही चिरनिद्रा घेत आहेत.

पथकातील सहकाऱ्यांपैकी डॉ. बसू सर्वांत शेवटी, १९४३ मध्ये, मायदेशी परतले. पाच जण गेले होते, चारच परत आले. ही उणीव बसूंनी आयुष्यभर कामातून व्यक्त केली. पुढे चीनमध्ये ॲक्युपंक्चर शिकून त्यांनी ती उपचारपद्धती भारतात रुजवली आणि कोटणीस स्मारक समितीच्या कार्याला नवसंजीवनी दिली. १९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी चित्रपटाद्वारे ही कथा घराघरांत पोहोचविली. सोलापुरात कोटणिसांच्या घरी स्मारकही उभे राहिले.

नियतीने कुओ चिंगलान यांची मात्र पुन्हा परीक्षा पाहिली. वैद्यकाचे शिक्षण घेत असतानाच यिनहुआ १९६७ मध्ये गेला. त्या स्वतः २०१२ पर्यंत हयात होत्या, आणि भारताशी जुळलेला स्नेहाचा धागा त्यांनी अखेरपर्यंत तुटू दिला नाही.

परक्या भूमीवर सेवाव्रतींचे बळी आजही जातात. त्यांच्यासाठी पुष्पचक्रे वाहिली जातात, ती सुकतातही. कोटणिसांचे चरित्र सांगते ते एवढेच, की शोकाचे खरे मोल रित्या झालेल्या जागेवर कोणी उभे राहते की नाही यावर ठरते.