एका सदऱ्यावर कॉलेज काढणारा टेंभूचा पोरगा पुढे फर्ग्युसनचा प्रिन्सिपॉल झाला

सांगली जिल्ह्यात टेंभू म्हटलं की आधी पाणी आठवतं. कराडजवळच्या या गावापाशी कृष्णेचं पाणी उचलतात आणि ते खानापूर, आटपाडी, कवठे महांकाळच्या दुष्काळी रानापर्यंत जातं. पण टेंभूची आणखी एक ओळख आहे. १४ जुलै १८५६ रोजी गोपाळ गणेश आगरकर यांचा जन्म याच गावात झाला.

केसरीचे पहिले संपादक, सुधारक काढणारे समाजसुधारक, टिळकांचे मित्र आणि नंतरचे विरोधक. हे आगरकर शाळेच्या पुस्तकात भेटतात. पण त्याआधीचे आगरकर होते, खिशात पैसे नसताना पुण्याच्या कॉलेजात दाखल झालेले. गाव सोडून पहिल्यांदा कॉलेजला जाणाऱ्या पोराला जी धास्ती असते, फी कुठून आणायची, जेवायचं कुठे, चारचौघांत घालायचं काय, ती सगळी त्यांच्या वाट्याला आली होती.

कॉलेजपर्यंत पोहोचणं हीच लढाई

घरची गरिबी इतकी की गोपाळचं शिक्षण कराडला मामांच्या आधारावर सुरू झालं. इंग्रजीच्या पहिल्या काही इयत्ता झाल्या आणि पुढची वाट बंद झाली. मग त्याने मामलेदार कचेरीत उमेदवारी केली. शिकायचं म्हणून रत्नागिरी गाठली, तीही पायी गेल्याचं सांगतात. तिथेही जमेना, तेव्हा कराडला परत येऊन दवाखान्यात कंपाउंडरचं काम केलं.

शेवटी नातेवाइकांच्या आधाराने तो अकोल्याला गेला. तिथे विष्णु मोरेश्वर महाजनी या शिक्षकांनी पोरातली चमक ओळखली. १८७५ मध्ये गोपाळ मॅट्रिक झाला. त्या काळात मॅट्रिक झालेल्याला सरकारी नोकरी मिळायची आणि घराला हातभार लागायचा. तरीही त्याने पुण्याचं डेक्कन कॉलेज निवडलं आणि त्यासाठी महाजनींनी मदत केली.

येरवड्याचं कॉलेज आणि एकच सदरा

डेक्कन कॉलेज तेव्हा येरवड्याच्या दगडी इमारतीत भरायचं. मुंबई विद्यापीठ सुरू होऊन वीसही वर्षं झाली नव्हती. कॉलेजात शिकणारी पोरं मोजकीच, त्यातली बरीच खात्यापित्या घरची. सगळं शिकणं इंग्रजीत.

अशा ठिकाणी आगरकरांकडे अंगावर घालायला एकच सदरा होता, असं सांगितलं जातं. रात्री तो धुवायचा, वाळत टाकायचा आणि सकाळी तोच घालून वर्गात जायचं.

पैशांसाठी त्यांनी मिळेल तो मार्ग धरला. शिष्यवृत्तीसाठी अभ्यास केला, बक्षिसासाठी निबंध आणि वक्तृत्वाच्या स्पर्धा केल्या, वर्तमानपत्रांत लिहिलं. दुसऱ्यासाठी जो छंद असतो, तो त्यांच्यासाठी जेवणाचा खर्च होता. पुढे ज्या लेखणीने महाराष्ट्र हलवला, तिला वळण लागलं ते याच गरजेतून.

तरी एकदा गाडी अडलीच. बी.ए.च्या परीक्षेची फी भरायला पैसे नव्हते. आगरकरांनी नाटक लिहून पैसे उभे करायचं ठरवलं. परीक्षा तोंडावर आणि पोरगा अभ्यास सोडून नाटक लिहितोय, ही गोष्ट गणिताचे प्राध्यापक केरो लक्ष्मण छत्रे यांच्या कानावर गेली. केरूनानांनी पैशांची सोय केली आणि त्याला अभ्यासाला बसवलं. १८७८ मध्ये आगरकर बी.ए. झाले.

म्हणजे जिद्द त्यांची होतीच. पण मामा, महाजनी, केरूनाना यांच्यापैकी एकानेही हात काढून घेतला असता, तर ती जिद्द कराडच्या कचेरीतच थांबली असती.

मोठा पगार नको

पुढे एम.ए.चा अभ्यास सुरू असताना १८७९ मध्ये डेक्कन कॉलेजातच टिळकांशी दोस्ती झाली. देशाचं भलं करायचं तर शिक्षण हाती घ्यायला हवं, यावर दोघांचं एकमत झालं. आगरकरांनी आईला पत्र लिहून कळवलं की, मुलगा मोठा पगार आणेल ही आशा तिने सोडावी. पोटापुरतं मिळालं तरी बस, बाकीचं आयुष्य लोकांसाठी. ज्याने पैशाची इतकी चणचण सोसली होती, त्याने हा निर्णय घ्यावा, हे विशेष.

१ जानेवारी १८८० ला पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं होतं. एम.ए. होऊन आगरकर तिथे रुजू झाले. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी उभी राहिली, १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज. मधे कोल्हापूर प्रकरणात टिळकांसोबत डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. पुढे टिळकांशी मतभेद झाले. १८८८ मध्ये त्यांनी सुधारक काढलं आणि त्यातल्या मतांसाठी जिवंतपणीच स्वतःची प्रेतयात्रा पाहिली.

१८९२ मध्ये आगरकर फर्ग्युसनचे प्रिन्सिपॉल झाले. दम्याने शरीर पोखरलं होतं. १७ जून १८९५ ला ते गेले, तेव्हा वयाची ३९ वर्षंही पूर्ण नव्हती.

मग सांगलीचा संबंध काय?

सांगलीत जन्मलेले वि. स. खांडेकर १९१३ मध्ये मॅट्रिक झाले, तेव्हा सांगलीत कॉलेजच नव्हतं. तेही घर सोडून पुण्याला, आगरकरांच्या फर्ग्युसनमध्ये गेले. पण पैशाची ओढाताण आणि आजारपण यामुळे त्यांना शिक्षण अर्धवट सोडावं लागलं. पुढे ज्ञानपीठ मिळालं तरी पदवी राहिली ती राहिलीच.

१९१९ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटीने सांगलीत विलिंग्डन कॉलेज सुरू केलं. आगरकरांना जाऊन तेव्हा २४ वर्षं झाली होती. पण त्यांनी उभारायला हातभार लावलेल्या संस्थेमुळे सांगलीच्या पोरांना घरची भाकरी खाऊन कॉलेजला जाता येऊ लागलं.