तुफानांचा नकाशा काढणारे मेलड्रमसाहेब

वाचकहो, वर्षाचे पहिले महिने आले की आपल्या बेटावर प्रत्येक घराचे कान रेडिओकडे लागतात. १९६० चे कॅरोल आणि १९७५ चे जर्वेज ही तुफाने आपल्या वडीलधाऱ्यांनी सोसली आणि त्यांच्या हकीकती आपण ऐकत आलो. पण राजधानी पोर्ट लुईच्या अंगावर सर्वांत खोल घाव घातला तो १८९२ च्या तुफानाने. त्या घावाची मोजदाद ज्यांनी केली त्या चार्ल्स मेलड्रम यांचे चरित्र आज आम्ही आपल्यापुढे ठेवीत आहोत.

मेलड्रम यांचा जन्म १८२१ साली स्कॉटलंडमध्ये झाला. अ‍ॅबर्डीन येथे शिक्षण संपवून १८४६ साली ते मुंबईच्या शिक्षण खात्यात नोकरीला आले. दोन वर्षांनी त्यांची बदली मॉरिशसला, रॉयल कॉलेजात गणिताचे प्राध्यापक म्हणून झाली. त्याच काळात कोकणातील आपले पूर्वजही गिरमिट लिहून देऊन मुंबई बंदरातून याच बेटाकडे निघत होते. साहेबाचा दर्जा वेगळा आणि गिरमिटियाची दशा वेगळी. समुद्र मात्र दोघांनाही एकच होता आणि त्यावरचे वारेही तेच होते.

१८५१ साली मेलड्रम यांनी मॉरिशसची हवामान संस्था स्थापन केली व पुष्कळ वर्षे तिचे चिटणीसपद सांभाळले. सुएझचा कालवा १८६९ साली उघडला. त्यापूर्वी हिंदुस्थान आणि युरोप यांच्यामध्ये ये-जा करणारी कितीतरी जहाजे पोर्ट लुईच्या बंदरात थांबत. शिडे फाटलेली व डोलकाठ्या मोडलेली जहाजेही डागडुजीसाठी येथेच येत. मेलड्रम त्यांच्या रोजनिशा मागून घेत. कोणत्या दिवशी, कोणत्या ठिकाणी, वारा कोणत्या दिशेचा होता आणि वायुभारमापकाचा पारा किती होता, हे सारे उतरवून घेत. मग एकाच दिवसाच्या अशा अनेक नोंदी ते एका नकाशावर मांडत. एकेका कप्तानाला जे तुफान तुकड्या-तुकड्यांनी दिसले होते, ते या नकाशावर अखंड दिसू लागे.

या कामातून एक मोलाची गोष्ट निघाली. त्या वेळच्या खलाशांचा नियम असा होता की, आपल्या दक्षिण गोलार्धात वाऱ्याकडे तोंड करून उभे राहावे आणि डावा हात सरळ बाजूला पसरावा, म्हणजे तुफानाचे केंद्र त्या हाताच्या दिशेला असते. तुफानाचा वारा अगदी गोल फिरत असता तर हा नियम बरोबर ठरला असता. मेलड्रम यांनी नकाशे मांडून दाखवले की वारा आत-आत वळत जातो, म्हणून केंद्र डाव्या हाताच्या पुष्कळ मागेही असू शकते. आग्नेयेचा वारा वाढू लागला की जुन्या नियमावर विसंबून काही कप्तान वायव्येकडे शीड सोडत आणि नेमके तुफानाच्या तोंडी जात. पारा उतरत असेल तर घाई न करता थांबून पाहावे, असे मेलड्रम सांगत. त्यांचे हे नियम या समुद्रातील खलाशांच्या फार उपयोगी पडले.

१८६२ साली सरकारने त्यांना हवामान निरीक्षक नेमले. १८७० साली पाम्प्लेमूस येथे राणी व्हिक्टोरियाचे पुत्र राजपुत्र आल्फ्रेड यांच्या हस्ते वेधशाळेची कोनशिला बसली आणि तिला त्यांचेच नाव मिळाले. बेटावर हिवतापाने हजारो माणसे नेली होती. तेव्हा ऊन, पाऊस, दमट हवा आणि मृत्यू यांचा संबंधही मेलड्रम यांनी तपासून पाहिला. १८७६ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सभासद करून घेतले.

मग आला १८९२ सालच्या एप्रिलची २९ तारीख. मेलड्रम तेव्हा सत्तर वर्षांचे होते. तुफानांचा हंगाम सरला असे सर्वांनी धरले होते. इतक्या उशिरा बेटावर असे तुफान आल्याचे त्यांच्या नोंदींतही नव्हते. सकाळी वारा ईशान्येचा होता आणि तो एवढे भयंकर रूप घेईल असे खुद्द मेलड्रम यांनाही वाटले नाही. दुपारपर्यंत छपरे उडू लागली. तीनच्या सुमारास शहरावर एकाएकी शांतता पसरली. संकट टळले असे समजून लोक घराबाहेर पडले, आणि थोड्याच वेळात उलट्या बाजूने, पश्चिमेकडून, पहिल्याहूनही जोरदार वारा सुटला. पहिल्या माऱ्याने खिळखिळ्या झालेल्या भिंती या दुसऱ्या माऱ्यात कोसळल्या. वाऱ्याचा झोत ताशी सुमारे २१६ किलोमीटरपर्यंत गेला आणि वायुभार ९४७ मिलिबारपर्यंत उतरला. बेटावर सुमारे १२०० माणसे दगावली. पोर्ट लुईचा जवळजवळ तिसरा हिस्सा जमीनदोस्त झाला. ज्या रॉयल कॉलेजात मेलड्रम यांनी गणित शिकवले, त्याच्या इमारतीचीही पार मोडतोड झाली.

चाळीस वर्षे ज्याने तुफानांच्या वाटा आखल्या, त्याच्याच डोळ्यांदेखत न आखलेल्या वाटेने तुफान आले. दुसरा एखादा खचला असता. मेलड्रम यांनी त्या दिवसाचे वारे, पारा आणि वेळा जशा होत्या तशा लिहून पुढल्या पिढीच्या हाती दिल्या. जुन्या नोंदी मार्गदर्शक असतात, परंतु समुद्र त्यांना बांधलेला नाही, हा धडा त्या आकड्यांत आहे. तुफानाच्या मधली शांतता फसवी असते आणि तेव्हा उंबरठा ओलांडू नये, हे आज आपल्या घरातले लहान मूलही जाणते. हे ज्ञान पोर्ट लुईने फार महाग विकत घेतले आहे.

शहरावरही त्या दिवसाची खूण राहिली. हिवतापाच्या साथीपासूनच ऐपतदार कुटुंबे राजधानी सोडून क्यूरपीपच्या थंड पठारावर जाऊ लागली होती. तुफानाने आणि पुढे १८९९ साली आलेल्या प्लेगने त्या ओघाला जोर दिला. एके काळी सत्तर हजारांवर असलेली राजधानीची वस्ती १९०१ साली त्रेपन्न हजारांच्या आत आली. सकाळी पठारावरून कामासाठी पोर्ट लुईला उतरायचे आणि संध्याकाळी परत चढायचे, ही जी आपल्या बेटाची रीत आहे, तिच्या मुळाशी त्या वर्षांची संकटेही आहेत.

मेलड्रम १८९६ साली निवृत्त झाले आणि १९०१ साली एडिंबरा येथे वारले. ते आपल्या भाषेचे नव्हते की आपल्या जातगोताचे. पण आपले आजे-पणजे ज्या छपराखाली जीव मुठीत धरून बसले, त्या छपरावरचा वारा त्यांनी आयुष्यभर मोजला. पुढच्या वेळी रेडिओवर तुफानाचा इशारा ऐकू येईल तेव्हा मुलाबाळांना ही हकीकत जरूर सांगावी, एवढीच आमची विनंती.