लेखणी अबोल होते तेव्हा...

मराठी घरांत ज्यांची पुस्तके एकाच कपाटातून दोन-तीन पिढ्यांनी वाचली, अशा लेखकांत वि. स. खांडेकरांचे नाव फार वरचे. माझ्या पिढीला ते भेटले ते ‘ययाति’कार म्हणून, ज्ञानपीठाचे पहिले मराठी मानकरी म्हणून. पण त्यांच्या चरित्रातला मला सर्वांत जवळचा वाटणारा काळ वेगळाच आहे. तो सन्मानांचा नाही, मौनाचा आहे. १९४२ साली ‘क्रौंचवध’ आली आणि त्यानंतर दहा वर्षांहून अधिक काळ या कादंबरीकाराची नवी कादंबरीच आली नाही!

हे मौन केवढे मोठे होते, हे कळायला आधीचा वेग पाहावा लागतो. खांडेकरांचा जन्म ११ जानेवारी १८९८ रोजी सांगलीचा. मूळ नाव गणेश आत्माराम. दत्तक गेले आणि विष्णु सखाराम झाले. फर्ग्युसन कॉलेजातले शिक्षण अर्धवट सुटले आणि १९२० साली ते कोकणात शिरोड्याच्या शाळेत शिक्षक झाले. तिथे त्यांनी तब्बल १८ वर्षे काढली. समुद्र, माडांच्या बागा, मिठागरे आणि भोवतीचे दारिद्र्य, हे सारे त्यांनी रोज पाहिले. १९३० साली शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला आणि त्याच वर्षी ‘हृदयाची हाक’ ही त्यांची पहिली कादंबरी आली. मग ‘कांचनमृग’, ‘उल्का’, ‘दोन ध्रुव’, ‘हिरवा चाफा’ अशी रांगच लागली. १९३८ साली ते कोल्हापूरला आले. मास्टर विनायकांच्या चित्रपटांसाठी कथा लिहिण्याचे काम त्याआधीच सुरू झाले होते. १९४१ साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही मिळाले. लौकिक असा शिगेला पोहोचलेला असतानाच कादंबरीचा झरा आटला.

असे का व्हावे? प्रकृती साथ देत नव्हती, डोळे पूर्वीपासूनच अधू होते, हे खरे. पण मला वाटते, खरे कारण काळात होते. त्यांचे नायक ध्येयासाठी घरदार सोडणारे, त्यागावर जीव ओवाळून टाकणारे. त्या स्वप्नांना स्वातंत्र्याचा किनारा दिसत होता. पुढे स्वातंत्र्य आले, पण त्याबरोबर फाळणी आली. १९४८ च्या जानेवारीत गांधीजींचा खून झाला. काळाबाजार आणि सत्तेची ओढ उघड दिसू लागली. ज्या माणसाने आयुष्यभर ध्येयवाद लिहिला, त्याने आता कोणता नायक उभा करायचा? त्यातच मराठी कथा वेगळ्या वाटेने निघाली. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, व्यंकटेश माडगूळकर यांच्या नवकथेचा बोलबाला झाला आणि खांडेकरांची अलंकारिक भाषा अनेकांना जुनी वाटू लागली. हा घाव लहान नव्हता.

अशा वेळी माणूस एक तर हात टेकतो, नाही तर जुनेच पीठ पुन्हा दळत बसतो. भाऊसाहेबांनी दोन्ही केले नाही. मोठे काम हाताशी येत नव्हते, तेव्हा त्यांनी लहान कामे सोडली नाहीत. चार-दोन परिच्छेदांच्या रूपककथा लिहिल्या, लघुनिबंध लिहिले, खलील जिब्रानच्या कथा मराठीत आणल्या. कादंबरीची आणि त्यांची गाठ पडत नव्हती, पण टेबलाची आणि त्यांची गाठ रोज पडत होती. विहीर आटली म्हणून शेतकरी बैल विकत नाही, तसेच हे.

पन्नाशी उलटल्यावर ‘अश्रू’ आली. तिचा नायक कुणी क्रांतिकारक नव्हता, तर साधा मध्यमवर्गीय शिक्षक होता. आणि १९५९ साली आली ‘ययाति’. महाभारतातल्या त्या अतृप्त राजाला खांडेकरांनी आजच्या माणसाचे रूप दिले. जितके भोगावे तितकी भूक वाढतच जाते, ही त्याची व्यथा. ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली बाजू स्वतः सांगतात, ही रचनाही त्यांना साधली. स्वातंत्र्यानंतरच्या ज्या निराशेने त्यांची लेखणी थिजली होती, तीच निराशा या कादंबरीचा विषय झाली, असे मला ती वाचताना दर वेळी जाणवते. मौनाची ती वर्षे नसती, तर हा ययाति इतका ओळखीचा वाटला नसता.

पुढे १९६० साली साहित्य अकादमीचा पुरस्कार, १९६८ साली पद्मभूषण आणि १९७४ चे ज्ञानपीठ, असे मान मिळत गेले. पण आयुष्याच्या अखेरीस दृष्टी पूर्ण गेली. लेखकाच्या बाबतीत याहून क्रूर थट्टा ती कोणती? तरीही ते थांबले नाहीत. स्वतः सांगायचे आणि दुसऱ्याने लिहून घ्यायचे, असा क्रम सुरू झाला.

घरोघरी असे आटलेले काळ येतात. कुणाचे गाणे थांबते, कुणाचे चित्र, कुणाचे अभ्यासातले मन उडते. अशा वेळी खांडेकरांची ही वर्षे मुलांना जरूर सांगावीत. २ सप्टेंबर १९७६ रोजी मिरजेला त्यांचे निधन झाले, आणि त्यानंतर त्यांची आणखी एक कादंबरी वाचकांच्या हाती आली. ती अपूर्ण होती.