अक्षरशिल्पी जावजी दादाजी

छापलेले पुस्तक हाती घेतले, की आपले लक्ष मजकुराकडे जाते. अक्षरांच्या वळणाकडे सहसा जात नाही. परंतु देवनागरी अक्षरे सुबक छापली जावीत म्हणून ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांत जावजी दादाजी चौधरी यांचे नाव अग्रभागी आहे.

जावजींचा जन्म १८३९ साली एका गरीब कुटुंबात झाला. घरच्या हलाखीमुळे शाळेत शिकण्याचा योग त्यांना फारसा आला नाही. लहानपणीच ते मुंबईतील अमेरिकन मिशनच्या छापखान्यात अल्प वेतनावर कामाला लागले. तेथे टॉमस ग्रॅहॅम हे कुशल कारागीर देवनागरी खिळे तयार करीत. शिशाचे ते खिळे घासून गुळगुळीत करणे, हे जावजींचे काम. काम कंटाळवाणे खरे. पण ते करता करता अक्षर कसे घडते, हे या मुलाने नीट पाहून घेतले.

त्या काळी प्रत्येक अक्षर हातानेच घडवावे लागे. पोलादाच्या लहानशा कांबीच्या टोकावर कारागीर ते उलटे कोरीत असे. त्या ठशाने तांब्याच्या तुकड्यावर घाव घातला, की साचा तयार होई. साच्यात वितळलेले शिसे ओतून खिळे पाडीत. खिळ्यावर अक्षर उलटे असले, म्हणजेच ते कागदावर सुलटे उमटे. देवनागरीत काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे धरून असे शेकडो ठसे लागत. मूळ ठशात केसाएवढा दोष राहिला, तर तो त्यापासून पाडलेल्या प्रत्येक खिळ्यात उतरे.

पुढे १८६४ साली जावजींनी खिळे पाडण्याचा स्वतःचा कारखाना काढला. राणोजी रावजी आरू हे त्यांचे स्नेही ठसे कोरण्यात निष्णात होते. आरूंचा हात आणि जावजींची पारखी नजर यांचा सुंदर मेळ बसला. १८६९ साली जावजींनी 'निर्णयसागर' छापखाना स्थापन केला. काळबादेवीनजीकच्या कोलभाट गल्लीतील या छापखान्याची कीर्ती दूरवर पसरली.

अनेक संस्कृत ग्रंथ तेव्हा केवळ हस्तलिखित पोथ्यांत होते. वाळवी लागली किंवा पाणी शिरले, तर ग्रंथ कायमचा नाहीसा होण्याची भीती असे. असे ग्रंथ छापताना शुद्धतेला फार महत्त्व. एक वेलांटी बदलली, तर 'दिन' म्हणजे दिवस, त्याचा 'दीन' म्हणजे गरीब होतो! म्हणून जावजींनी जाणकार शास्त्र्यांचे साहाय्य घेतले. पंडित दुर्गाप्रसाद व काशिनाथ पांडुरंग परब यांनी संपादिलेली 'काव्यमाला' १८८६ पासून येथून निघू लागली. विनायक कोंडदेव ओक यांचे 'बालबोध' हे मुलांचे मासिकही येथेच छापले जाई.

जावजी १८९२ साली निवर्तले. आता अक्षरजुळणी संगणकावर होते. तरी निर्णयसागरच्या जुन्या प्रती अभ्यासक आजही आदराने उघडतात. ज्यांना स्वतःला शाळेत फारसे शिकता आले नाही, त्यांच्या अक्षरांवर पुढील पिढ्या शिकल्या.