खाटेशेजारचे शिक्षण : डॉ. भाऊ दाजी लाड

दापोडी आमच्या कॉलेजच्या बसच्या वाटेवर लागते. मुंबईचे गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट १८३८ मध्ये इथेच वारले, हे मला यंदा कळले. त्यांच्या नावाने मुंबईत १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज निघाले आणि त्याच्या पहिल्याच तुकडीत रामकृष्ण विठ्ठल लाड नावाचा तरुण जाऊन बसला. तेच आपले डॉ. भाऊ दाजी.

जन्म १८२२ चा, गोव्यातील मांद्रे गावचा. घरची गरिबी. मुंबईस आल्यावर हा मुलगा बुद्धिबळ उत्तम खेळे. ते पाहून एका इंग्रज गृहस्थाने वडिलांना गळ घातली, की याला इंग्रजी शिकवा. एल्फिन्स्टनमध्ये ते शिकले आणि तिथेच शिक्षक झाले. काठेवाड-कच्छमधील बालिकाहत्येवर लिहिलेल्या निबंधास बक्षीस मिळाले. म्हणजे नोकरी होती, नाव होते. अशा मास्तराने पुन्हा विद्यार्थ्याच्या बाकावर बसावे, हे मला त्यांच्या पुढच्या मोठेपणापेक्षाही धाडसाचे वाटते. (चाकणच्या एका कंपनीतली हेल्परची नोकरी सोडून मी बी.ए.ला आलो, तेव्हा घरात आठ दिवस कोणी माझ्याशी धड बोलले नव्हते.)

तिथे त्यांना गुरू लाभले ते प्राचार्य डॉ. चार्ल्स मोरहेड. एडिंबरोला शिकून मोरहेड पॅरिसला डॉ. लुई यांच्याकडे राहिले होते. आधी रोगी पाहा, नोंदी ठेवा, मोजा, मत मागाहून द्या, असा लुईंचा कटाक्ष. तीच शिस्त मोरहेडांनी मुंबईत आणली. वर्गात व्याख्याने होतच. पण खरे शिक्षण जमशेटजी जीजीभाई रुग्णालयात, रोग्याच्या खाटेशी उभे राहून. त्याला विचारायचे, नाडी पाहायची, छाती तपासायची, कालच्यापेक्षा आज काय पालटले ते टिपायचे.

माझे वडील लेथवर काम करतात. त्यांना हे वाचून दाखवले, तर त्यांना त्यात नवल वाटले नाही. लेथही तसाच शिकतात म्हणे. जुन्या कारागिराच्या हाताकडे बघत उभे राहायचे आणि कळले नाही तर लाज न बाळगता विचारायचे.

१८५१ मध्ये भाऊ पदवीधर झाले. धाकटे बंधू डॉ. नारायण यांच्यासह त्यांनी गरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालवला. संस्कृत ग्रंथांतली औषधे त्यांनी नुसत्या श्रद्धेने स्वीकारली नाहीत, की हसण्यावारीही नेली नाहीत. रोग्यांवर पडताळून पाहिली. कुष्ठरोगावरील त्यांच्या औषधाचा मोठा बोलबाला झाला. मात्र ते त्यांनी बराच काळ गुप्त ठेवले, म्हणून त्यांना दोषही लागला. मोरहेडांनी आपल्या रोग्यांचा अनुभव १८५६ मध्ये दोन खंडांत छापून सर्वांपुढे मांडला होता. इथे शिष्याने गुरूचा कित्ता गिरवला नाही, असे मला स्पष्ट वाटते.

अजिंठ्याचे शिलालेख, कालिदासाचा काळ, दोनदा मुंबईचे शेरीफपद, राणीच्या बागेतील वस्तुसंग्रहालय (१९७५ पासून त्यास त्यांचेच नाव आहे) हे सर्व आपल्या वाचनात येतेच. ३१ मे १८७४ रोजी भाऊ वारले. मोरहेड तेव्हा विलायतेत परतले होते. ते आपल्या शिष्यामागे आठ वर्षे जगले.